कॅथेटरवरचा पंप कायमचा का ठेवत नाहीत?

शेवटचं_वर्ष
मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी हार्ट फेल्युअरमधल्या पंपांबद्दल वाचतोय. इम्पेला 5.5 हा कॅथेटरवर, म्हणजे बारीक नळीवर बसवलेला पंप खांद्याजवळच्या धमनीतून आत जातो, छाती उघडावी लागत नाही, मिनिटाला साडेपाच लिटर रक्त ढकलतो. तरी अमेरिकेत त्याला मान्यता 14 दिवसांचीच. वर्षानुवर्षे ठेवायचा हार्टमेट 3 मात्र छाती उघडून बसवायचा. छोटाच पंप टिकाऊ धातूचा केला तर नाही का चालणार?

इम्पेलर_काका
धातू टिकतो हो, रक्त टिकत नाही. मी पंपांच्या चाचण्या करतो. नवा आलेला प्रत्येक जण आधी आकारच कमी करायला बघतो. पात्यांचा व्यास घटला की तेवढ्याच प्रवाहासाठी फेरे वाढवावे लागतात. इम्पेला 5.5 मिनिटाला 33,000 फेऱ्यांपर्यंत जातो, हार्टमेट 3 पाच-सहा हजारांत भागवतो. हार्टमेटचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, चुंबकांवर तरंगतो, कुठेच टेकत नाही, भोवतीच्या फटीही मुद्दाम मोठ्या ठेवल्यात. वेग जास्त आणि फट अरुंद असली की तांबड्या पेशी फुटतात, रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रँड प्रथिनाच्या लांब साखळ्या तुटतात, आणि मग आतड्यातून रक्तस्राव.

शिवाय इम्पेलाची मोटर रक्तातच असते. तिच्यात रक्त शिरू नये म्हणून बाहेरून सतत दाबाने ग्लुकोजचं द्रावण सोडावं लागतं. ते यंत्र घेऊन माणूस घरी कसा जाणार? त्यात नळी महाधमनीच्या झडपेतून आरपार. झडप दिवसाला लाखभर वेळा तिच्यावर मिटते.

(हार्टमेट 3 बरगड्यांमधल्या छोट्या छेदातूनही बसवतात, बरं का.)

ड्रेसिंगताई
पंप बसवून घरी गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा मी करते. छेद केवढा होता ते काही महिन्यांत कुणाच्या लक्षातही राहत नाही. पंपाला वीज देणारी, पोटातून बाहेर आलेली वायर मात्र रोज समोर असते. दाराच्या कडीत अडकते, झोपेत ओढली जाते, पोहणं कायमचं बंद. पंप उत्तम चालतोय आणि वायरच्या तोंडाशी पू, हे नेहमीचं. पंप छोटा करून वायर तीच ठेवणार असाल तर माझं काम काही कमी होत नाही.

शेवटचं_वर्ष
ताई, हे कुठल्याच पेपरच्या पहिल्या पानावर नव्हतं. काका, मग बिनतारी वीज?

इम्पेलर_काका
झालंय ते. 2001 मध्ये ॲबिओकॉर कृत्रिम हृदयाला त्वचेतून वीज दिली होती. कझाकस्तानात दोन रुग्णांच्या जार्विक 2000 पंपांना छातीत ठेवलेल्या कॉइलमधून वीज दिल्याचं 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. अडचण उष्णतेची, आणि आतल्या बॅटरीची. ती म्हातारी झाली की पुन्हा शस्त्रक्रिया.

म्हणून माझं ऐका, पूर्ण प्रवाहाचा हट्ट सोडा. सिनर्जी नावाचा पंप होता, पेसमेकरसारखा त्वचेखालच्या खिशात बसायचा. डाव्या अलिंदातून रक्त घेऊन गळपट्टीच्या हाडाखालच्या धमनीत सोडायचा, मिनिटाला तीनेक लिटर. गुठळ्यांपायी मागे पडला, पण हृदय पार थकायच्या आधीच थोडा भार उचलायचा हा विचार मला आजही पटतो. कमी प्रवाह म्हणजे कमी वीज, कॉइलही कमी तापते. फक्त रक्त पंपात कुठे रेंगाळत नाही ना, ते बघावं लागतं.

मॉक लूपवर, म्हणजे रक्ताभिसरणाची नक्कल करणाऱ्या नळ्यांच्या मांडणीवर, ग्लिसरीन-पाणी घालून दाब-प्रवाहाचे आलेख मिळतील. पेशी फुटतात का, हे मात्र ताज्या रक्ताशिवाय कळत नाही. ते कुठून मिळवणार, ते डिझाइन गोठवायच्या आधी गाईडना विचारा.