चरबी, मेद की स्निग्धांश? माशाच्या यकृताबद्दल लिहिताना

भाषांतरकार, सोलापूर
नमस्कार मंडळी. कोकणात पिंजऱ्यांत जिताडा पाळणाऱ्यांसाठीची एक पुस्तिका मराठीत करतोय. माझा रोजचा मासा म्हणजे उजनीची चिलापी, त्यामुळे समुद्री माशांचं बरंच काही नव्याने शिकावं लागतंय. पण तीन दिवस अडलोय ते एका साध्या वाक्यावर. मी लिहिलं होतं, ‘खाद्यातली चरबी वाढली की यकृतात चरबी साचते.’ वाचताना वाटतं, मासा चरबी गिळतो आणि ती तशीच उचलून यकृतात ठेवली जाते. मूळ मजकुरात तसं नाही. मधे काय घडतं हाच त्या प्रकरणाचा विषय आहे. दोन्हीकडे एकच शब्द वापरला की तो मधला भाग दिसेनासा होतो. दोन वेगळे शब्द हवेत. कोणते?

दूध संकलन केंद्रावर होतो, बार्शी
आमच्याकडं ‘फॅट’ म्हणजे दुधाचीच. ‘आज फॅट किती लागली?’ हा रोजचा प्रश्न. तुम्ही नुसतं फॅट लिहिलंत तर आमचा माणूस गायीचं ३.५ आणि म्हशीचं ६ मनात धरून बसतो. पण दुधाच्या पिशवीवर ‘स्निग्धांश’ लिहिलेलं असतं, आणि ते सगळ्यांना कळतं. अमुक इतक्यात स्निग्ध किती, हे सांगायला तोच शब्द बरा. आणि दादा, ‘आहार’ नको, ‘खाद्य’ लिहा. जनावराला नि माशाला आपण खाद्य घालतो.

संस्कृत शिकवत असे, पंढरपूर
स्निग्धांशाला माझा पाठिंबा. स्निग्ध आणि स्नेह एकाच धातूतले. आयुर्वेदात तेल-तुपाला स्नेहच म्हणतात. मेद मात्र निराळा. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंतला तो चौथा, म्हणजे शरीराने स्वतः घडवलेला. खाद्यात असतो तो स्निग्धांश आणि देहात बनतो तो मेद. तुम्हाला हवी असलेली सीमारेषा भाषेत आधीपासून आहे.
‘चरबी’ फारसीतून आलेला, रुळलेला शब्द आहे. पण तो खाटकाच्या दुकानातल्या पांढऱ्या थराचं चित्र उभं करतो. हिंदीवरून ‘वसा’ घेऊ नका. आपल्याकडे वसा म्हटलं की ‘उतू नये, मातू नये’ आठवतं.

मत्स्यविज्ञान शिकवते, रत्नागिरी
सरांनी आखलेली रेषा शास्त्रालाही धरून आहे. आतड्यात स्निग्धांश फुटतो, त्यातली मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिड, शोषली जातात आणि मोठा वाटा यकृताकडे येतो. तिथे तीन वाटा असतात: पेशीतल्या मायटोकाँड्रियात जाळून ऊर्जा काढणं, प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तात सोडणं, किंवा थेंबांच्या रूपात साठवणं. जाळणं आणि पाठवणं कमी पडलं की थेंब वाढतात. यकृत फिकट, पिवळसर, देहाच्या मानाने जड होतं. शिवाय यकृत पिष्टापासूनही नवा मेद घडवतं. म्हणून ‘यकृतातला मेद’ सगळाच खाद्यातल्या तेलाचा नसतो. दादा, तुमचं पहिलं वाक्य इथेच चुकतं.
पाठवण्यासाठी लागणाऱ्या वेष्टनात फॉस्फोलिपिडही असतात. खाद्यात लेसिथिन (असंच एक फॉस्फोलिपिड) किंवा त्याचा घटक कोलिन अपुरं असेल तर तेल बेताचं असूनही मेद यकृतात अडकून पडतो.

भाषांतरकार, सोलापूर
ताई, मग ‘तेल किती’ इतकंच विचारून भागणार नाही, ‘तेल कोणतं’ हेही आलं. आमच्या ताटात करडई आणि जवस दोन्ही. करडई संशोधनाचं केंद्र इथेच, सोलापुरात. जवसात ओमेगा-३ आहे, मग माशाच्या तेलाऐवजी जवसाचं का चालू नये?

मत्स्यविज्ञान शिकवते, रत्नागिरी
‘ओमेगा-३’ या एका शब्दानेच इथे फसगत होते. जवसातलं अल्फा-लिनोलेनिक हे मेदाम्ल १८ कार्बनच्या साखळीचं. माशाला हवं असतं ते २० कार्बनचं ईपीए आणि २२ कार्बनचं डीएचए. रोहू, चिलापी अशी गोड्या पाण्यातली मासळी १८ ची साखळी काही प्रमाणात लांबवू शकते. बहुतेक समुद्री माशांना ते फारच थोडं जमतं. त्यांच्या समुद्रातल्या अन्नात सूक्ष्म शैवालांपासून आलेलं डीएचए आयतंच असतं. सिगॅनस या समुद्री माशात त्यासाठीचं विकर २०१० मध्ये सापडलं, पण तो अपवाद. करडईत तर सुमारे ७० ते ७५ टक्के लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६.
ही लांब मेदाम्लं नुसतं इंधन नसतात. यकृतात मेद घडवणाऱ्या जनुकांना ती आवर घालतात, जाळणाऱ्यांना चालना देतात. माशाचं तेल पूर्ण काढून वनस्पती तेल घातलं की हा आवर सुटतो. म्हणून स्निग्धांशाचा आकडा तोच राहिला तरी यकृतात मेद वाढू शकतो. कृपा करून ‘लांब साखळीची मेदाम्लं’ असं पूर्ण लिहा.

संस्कृत शिकवत असे, पंढरपूर
मेटाबॉलिझमला ‘चयापचय’च ठेवा. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. ताईंनी सांगितलेलं घडवणं आणि जाळणं दोन्ही त्या एका शब्दात आहे. पुष्कळ जण ‘पचन’ लिहितात, पण पचन आतड्यात संपलेलं असतं.

दूध संकलन केंद्रावर होतो, बार्शी
यकृत लिहिणार की काळीज? मटणाच्या दुकानात आम्ही काळीजच मागतो.

भाषांतरकार, सोलापूर
मलाही काळीज जवळचं वाटतं. पण ‘काळीज पिवळं पडलं’ वाचून कुणी हृदय समजलं तर मासा चिरताना भलतीकडे पाहील. एकदा ‘यकृत, म्हणजे काळीज’ असं लिहून पुढे यकृतच ठेवतो. ‘मेदयुक्त यकृत’ला मात्र रोग म्हणावं ना?

मत्स्यविज्ञान शिकवते, रत्नागिरी
जिताड्यात प्रमाणाबाहेर गेलं तर हो. कॉड या समुद्री माशाचं यकृत मुळातच तेलाचं कोठार असतं, म्हणून तर त्याचं तेल काढतात. तेव्हा ‘यकृतात मेद अवाजवी साचणं’ म्हणा.
आणखी एक शब्द सांभाळा. लांब मेदाम्लांचं तेल हवेने लवकर बिघडतं, आणि ते खाऊन यकृताला इजा होते. पुस्तिकेत ‘ऑक्सिडीकृत तेल’ असेल.

भाषांतरकार, सोलापूर
आहे. तिथे मी ‘खवट’ लिहिलंय. मे महिन्यात डब्यातली शेंगाचटणी खवट होते, तोच वास, तोच बिघाड.

मत्स्यविज्ञान शिकवते, रत्नागिरी
अगदी योग्य. फक्त शेजारी ‘कुबट’ही द्या. आमच्या पावसात खाद्याची पोती कुबट होतात, ती ओल नि बुरशी. पिंजऱ्यावरची माणसं दोन्हींना ‘वास मारतोय’ म्हणून मोकळी होतात. कुबट पोत्याला कोरडी जागा हवी. खवट होऊ नये म्हणून पोतं उन्हापासून दूर, तोंड घट्ट बांधून ठेवायचं आणि लवकर संपवायचं. खवट झालेलं खाद्य मात्र कितीही वाळवलं तरी माशाला घालू नये.