अनुभव धागा: ऑनलाइन दुकानात घरपोच आणि ‘येऊन नेण्या’च्या तारखा कशा लावल्या?

ठाणे आणि नवी मुंबईत स्वतःचे छोटे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांसाठी हा धागा आहे. ऑर्डर देतानाच ग्राहकाने माल घरी कधी हवा किंवा तो स्वतः येऊन कधी नेणार याची तारीख आणि वेळ निवडावी, अशी सोय आपल्यापैकी अनेकांनी करून घेतली आहे. कोणते प्लगिन (संकेतस्थळाला जोडायचा तयार भाग) कसे बसवायचे याची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून येथे प्रत्यक्षातल्या नोंदी लिहाव्यात: कोणत्या तारखा बंद ठेवल्या, वेळेचे टप्पे केवढे ठेवले, ऑर्डरींना मर्यादा कशी घातली आणि ग्राहकांनी त्याचे काय केले. आपल्याला खरोखर पाळता येतील एवढ्याच तारखा ग्राहकाला दिसाव्यात, हे माझे मत आहे. ते ज्यांना पटत नाही त्यांनीही जरूर लिहावे. सुरुवात मीच करते.

उकडीचे मोदक, नौपाडा

तारीख निवडण्याच्या बहुतेक सोयी वारावर चालतात. सोमवारी बंद, शनिवारी दोन वेळा, असे एकदा भरले की वर्षभर तिकडे पाहावे लागत नाही. संकष्टी मात्र तिथीने येते, त्यामुळे मी वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग समोर ठेवून सगळ्या संकष्ट्या हाताने भरते, आणि २०२६ सारखे अधिक मासाचे वर्ष असेल तर एक संकष्टी जास्तीची येते हे ध्यानात ठेवते. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. ‘दरवर्षी हीच तारीख’ हा पर्याय आपल्या सणांसाठी कुचकामी आहे.

दुसरी गोष्ट मर्यादेची. प्रत्येक टप्प्यात अमुक इतक्या ऑर्डरी, अशी मर्यादा घालणे सोपे असते, पण एका ऑर्डरीत अकरा मोदक असतात आणि दुसरीत एकशे एक. मोदकपात्राला ऑर्डरी कळत नाहीत. म्हणून मर्यादा नगांवर घालता येईल अशीच सोय मी शोधून घेतली, आणि त्यानंतरच टप्पा भरल्यावर तो आपोआप दिसेनासा होणे याला काही अर्थ आला. संकष्टीला शेवटचा टप्पा चंद्रोदयाच्या बराच आधी संपतो, कारण उपास सोडायला बसलेल्या घराला वाट पाहायला लावणे शोभत नाही. गणेश चतुर्थीला मी घरपोच सेवा बंदच ठेवते. त्या सकाळी फक्त येऊन नेता येते, तेही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी.

संकेतस्थळे बांधून देण्याचे काम, ऐरोली

वरील अनुभवात तांत्रिक बाजूची भर घालतो. ओळखीच्या एका दुकानाची तक्रार अशी होती की संध्याकाळी सहानंतर दुसऱ्या दिवसाची ऑर्डर घ्यायची नाही असे लावूनही रात्री अकरापर्यंत ऑर्डरी येतच राहतात. तारखेच्या प्लगिनमध्ये शोधून काहीच सापडले नाही. दोष ज्यावर ते संकेतस्थळ बांधले होते त्या वर्डप्रेसच्या मूळ सेटिंग्जमध्ये होता. तेथे वेळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, राहिलेली होती, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे सहाची मुदत प्रत्यक्षात रात्री साडेअकराला संपत होती. शिवाय आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी दुकानाच्या लेखी पहाटे साडेपाचपर्यंत कालचाच दिवस चालू होता, म्हणजे त्या वेळेत ‘उद्या’ म्हणून जी तारीख दिसे ती वास्तविक आजची असे. जनरल सेटिंग्जमध्ये कोलकाता हे शहर निवडताच दोन्ही गोष्टी सुटल्या. कोणत्याही दुकानाचे काम हाती घेतले की मी प्रथम हेच पाहतो.

यानंतरचा त्रास कॅशचा, म्हणजे पानांच्या साठवलेल्या प्रतींचा. पान लवकर उघडावे म्हणून त्याची तयार प्रत साठवून ठेवली जाते, आणि ‘सर्वांत लवकरची तारीख’ ही ओळ उत्पादनाच्या पानावर असेल तर त्या साठवलेल्या प्रतीत कालची तारीख तशीच राहते. कॅश करणारी साधने चेकआउटचे (पत्ता आणि पैसे भरण्याचे) पान सहसा स्वतःहून वगळतात, उत्पादनाचे पान वगळत नाहीत. तेथे तारीख ब्राउझरमध्ये ताजी मागवून दाखवावी लागते.

तिसरे, वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्स या प्लगिनच्या ८.३ आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, नव्या दुकानांना ब्लॉक पद्धतीचे चेकआउट मिळते. जुन्या शॉर्टकोड पद्धतीसाठी लिहिलेल्या काही प्लगिन्सचा तारखेचा रकाना त्यात उमटतच नाही, आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही. ऑर्डर तारखेविनाच येते. विकत घेण्याआधी ही सुसंगतता विचारून घ्यावी. शेवटच्या शिल्लक जागेवर दोघे एकाच वेळी आले तर काय होते हेही विचारावे, कारण यूपीआयचे पैसे मंजूर होईपर्यंतच्या वेळात तो टप्पा दुसऱ्यालाही मोकळा दिसू शकतो.

केक, घोडबंदर रस्ता

तारखेआधी पिनकोड पक्के करावेत असे मी सुचवीन. ठाण्यात सकाळी, नवी मुंबईत फक्त दुपारी, असे वेगवेगळे टप्पे द्यायचे तर आधी विभाग नीट पडले पाहिजेत. आमच्या कासारवडवलीचा पिन ४००६१५ आहे, म्हणून ठाण्यासाठी ४००६०१ ते ४००६१५ अशी सलग पट्टी टाकण्याचा मोह होतो. परंतु त्याच पट्टीत ४००६१४ म्हणजे सीबीडी बेलापूर येते, आणि तेथल्या ग्राहकाला आमचा सकाळचा टप्पा दिसू लागतो. ४०० नंतर तारांकन (म्हणजे पुढचे आकडे कोणतेही) टाकले तर अख्खी मुंबई आत येते, तरीही ४१०२१० चे खारघर बाहेरच राहते. वूकॉमर्स विभागांची यादी वरून खाली तपासते आणि जुळणारा पहिला विभाग धरते, त्यामुळे बेलापूरचा विभाग ठाण्याच्या वर ठेवला की काम भागते.

वेळेबद्दल एवढेच, की घोडबंदरवर एका तासाचा टप्पा देण्याचे धाडस मी करत नाही. मेट्रोच्या कामाच्या काळात पातलीपाड्यापासून माजिवड्यापर्यंतचा प्रवास कधी किती लांबेल हे गाडी चालवणाराही सांगू शकत नसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाल्यावर मुलुंडचे घरपोच शुल्क मी उतरवले, टप्पा मात्र तीन तासांचाच ठेवला.

हापूस, वाशी

आमच्याकडे तारखेचा अर्थच निराळा आहे. ग्राहकाने निवडलेल्या तारखेला पेटी पोहोचली म्हणजे काम झाले असे होत नाही. त्याला त्या दिवशी खायला आंबा हवा असतो की आढीत ठेवायला, यावर सगळे ठरते. अक्षय्य तृतीयेला आमरस करणाऱ्याने दोन दिवस आधीची तारीख घेतली आणि पेटीतला आंबा कच्चा निघाला, तर तारीख पाळूनही आमचे नाव खराब होते. म्हणून तारखेच्या वर एक प्रश्न ठेवला आहे: तयार आंबा हवा की कच्चा? कच्च्याला लवकरच्या तारखा खुल्या होतात, तयार आंब्याला काही दिवस पुढच्या. बाजार समितीतून आलेला माल गवतात लावल्यापासून तयार होईपर्यंतचा काळ उन्हाप्रमाणे बदलतो, त्यामुळे हे अंतर आम्ही एप्रिलमध्ये वेगळे ठेवतो आणि मे महिन्यात कमी करतो. हे कोणतेही प्लगिन आपणहून करणार नाही. आढी उघडून पाहणारा माणूसच ते करतो.

मासळी, घणसोली

थोडक्यात लिहितो. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा संपूर्ण दुकानाच्या तारखा बंद करू नयेत. ताज्या मासळीच्या बंद कराव्यात आणि सोडे, सुकट, सुके बोंबील यांच्या चालू ठेवाव्यात. बंद तारखा मालाच्या प्रकारानुसार लावता येतील अशीच सोय घ्यावी. श्रावणात तारखा खुल्या ठेवूनही फारसे कोणी येत नाही, तो प्रश्न तंत्राचा नाही.

मुलांचे पारंपरिक कपडे, राम मारुती रस्ता

आम्ही बहुतांशी येऊन नेण्याच्याच ऑर्डरी घेतो, कारण माप पाहून नेणे पालकांना बरे वाटते. दुकानदार घरपोचाच्या तारखांचा फार विचार करतात आणि येऊन नेण्याला ‘दुकान उघडे असेल तेव्हा’ एवढ्यावर सोडतात, हे मला चुकीचे वाटते. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी आमच्या रस्त्यावर आणि तलावपाळीवर तरुणाईची जी गर्दी लोटते तिच्यातून मुलाचा हात धरून कोणी दुकानापर्यंत येऊ शकत नाही. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेच्या सकाळीही तेच. दुकान उघडे असूनही या दोन्ही सकाळी नेण्याचे टप्पे बंद असतात आणि आदल्या संध्याकाळचे वाढवलेले असतात. कपडा तयार झाल्याचा निरोप गेल्याशिवाय नेण्याची वेळ निवडता येणार नाही, असेही लावून घेतले आहे; शिंपी आजारी पडला तर निदान ग्राहकाची फेरी वाचते.

ग्राहक म्हणून, खारघर

माझे दुकान नाही, पण वरील सगळ्या प्रकारच्या दुकानांतून मी वस्तू मागवते, म्हणून दोन अपेक्षा लिहिते. आमच्या भागात तुम्ही येता की नाही आणि येत असाल तर लवकरात लवकर कधी, हे उत्पादनाच्या पानावर पिनकोड विचारूनच सांगावे. पत्ता, फोन, सगळे भरून झाल्यावर शेवटच्या पानावर एकही तारीख न दिसणे फार चिडचिडीचे होते. आणि फोनवरून तारीख बदलून घेतली तर ती ऑर्डरीत नोंदवावी व बदललेल्या तारखेचा संदेश पाठवावा. एकदा मी शनिवारचा रविवार करून घेतला, दुकानातल्या ताईंनी ‘हो, लिहून घेतलं’ असे सांगितले, आणि शनिवारी दुपारी सोसायटीच्या गेटवरून रखवालदाराचा फोन आला तेव्हा मी पनवेलला होते. पाकिटावरच्या छापील चिठ्ठीवर जुनीच तारीख होती, आणि पोहोचवणाऱ्या मुलाने चिठ्ठीप्रमाणेच काम केले होते.