मदत हवी आहे : √२०२३ चं सरल रूप मुलांना कसं समजवायचं?

कोल्हापुरात नववीची शिकवणी घेतो. करणीत (पूर्ण न सुटणाऱ्या वर्गमुळांच्या धड्यात) मुलं √७२ ला २√१८ वर सोडतात. आत अजून ९ हा वर्ग उरलेला असतो. आधीच ३६ शोधला की थेट ६√२. एवढं जमतं.

खरी अडचण √२०२३ ला. ७ नं भागून २८९ उरले की पोरं थांबतात, १७ चा वर्ग दिसतच नाही. उत्तर १७√७.

२८९ ला २, ३, ५ नं भाग जात नाही आणि ७×७×७ = ३४३, म्हणजे २८९ पेक्षा मोठं. त्यामुळं तीन मूळ अवयव शक्यच नाहीत. २८९ ला पुन्हा ७ नंही भाग जात नाही, मग फक्त पूर्ण वर्ग आहे का एवढंच तपासायचं. हे कारण नववीच्या पोरांना पटेल असं कसं मांडता? अशा आणखी संख्याही सुचवा.