मदत हवी आहे: लेकीच्या वर्गात 'ओतॉन' आठवडा, आणि आम्हाला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही टोरांटोत राहतो. लेक सप्टेंबरपासून सिनियर किंडरगार्टनला (एसके, पहिलीच्या आधीचं वर्ष) फ्रेंच इमर्शनमध्ये जाते. इथल्या सार्वजनिक शाळा मंडळात इमर्शन एसकेपासून सुरू होतं आणि दिवसभर सगळं फ्रेंचमध्येच चालतं. इंग्रजी विषय म्हणून येतो तो थेट चौथीत. घरी मराठी, दाराबाहेर इंग्रजी, फ्रेंचच्या नावाने दोघांचाही शंख. प्रवेश घेताना शाळेने सांगितलं होतं, पालकांना फ्रेंच यायची गरज नाही. तेव्हा ते फार बरं वाटलं होतं.

आता पुढच्या आठवड्यात वर्गात फॉलचे, म्हणजे पानगळीच्या ऋतूचे (फ्रेंचमध्ये 'ओतॉन') उपक्रम आहेत. मादामने (बाईंना मुलं मादाम म्हणतात, आता आम्हीही) दप्तरातून वेळापत्रक पाठवलंय. सोमवारी शाळेच्या आवारात पानं गोळा करायची, मग रंगाप्रमाणे आणि लहान-मोठी अशी वर्गवारी करायची. मंगळवारी सफरचंदं: लाल मॅकिन्टॉश, हिरवं ग्रॅनी स्मिथ, पिवळं गोल्डन डिलिशस चाखायची आणि कुठलं आवडलं त्याचा भिंतीवर तक्ता करायचा. बुधवारी भोपळा. तो पाण्यात तरंगतो की बुडतो याचा अंदाज करायचा, मग कापून आतल्या बिया दहा-दहाच्या ढिगांत मोजायच्या. गुरुवारी पानांचे ठसे, चिकटकाम वगैरे, वेगवेगळ्या टेबलांवर. शुक्रवारी घरून फॉलची एखादी वस्तू आणायची आणि वर्गासमोर तिच्याबद्दल एक वाक्य बोलायचं. फ्रेंचमध्ये.

गुरुवारी एका टेबलावर पालक म्हणून मी जाणार आहे. नाव मीच दिलं, कारण लेक वर्गात काय करते ते मला बघायचंय. ठशांचं टेबल मिळालंय. चार-पाच मुलं येणार, दहा मिनिटांनी दुसरी येणार. मी त्यांच्याशी बोलू काय? मादाम म्हणाल्या, शक्यतो इंग्रजी नको. मग राहिल्या खाणाखुणा. आणि ठसा नीट उमटवायचा कसा तेही सांगा. घरी करून पाहिलं तर पानाचा नुसता चुरा झाला.

दुसरं, शुक्रवारची वस्तू. दसरा नेमका त्याच आठवड्यात येतोय. इथे आपटा कुठून मिळणार, म्हणून आम्ही दरवर्षी सोनेरी कागदाची आपट्याची पानं कापतो. लेकीला तीच न्यायची आहेत. नवरा म्हणतो, आपटा काही फॉलमध्ये पिवळा होत नाही, विषयाला सोडून होईल, त्यापेक्षा गपचूप एक मेपलचं पान ने. तुम्हाला काय वाटतं?

तिसरं खरं काळजीचं. ती वर्गात फ्रेंच बोलतच नाही. मादामने विचारलं की मान डोलावते, नाहीतर इंग्रजीत उत्तर देते. घरी विचारलं की 'मला नाही माहीत' म्हणून पळते. परवा मात्र आंघोळ घालताना स्वतःशीच 'रूज, जोन, ओरांज' असं काहीतरी पुटपुटत होती. मी 'काय म्हणालीस?' विचारलं तर तोंडात पाणी भरून घेतलं! तर घरी आम्ही यूट्यूब बघून तिच्याशी थोडं फ्रेंच बोलायला लागावं का? आमचे उच्चार दिव्य आहेत, हे आधीच सांगते.

---

ओटावाची_मास्तरीण:
मी इमर्शन शाळेत किंडरगार्टनलाच शिकवते. आमच्याकडे ओटावात किंडरगार्टनच्या दोन वर्षांत अर्धं इंग्रजी आणि अर्धं फ्रेंच असतं, तुमच्याकडे पूर्ण फ्रेंच, पण मुलं इथूनतिथून सारखीच. म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते.

ऑक्टोबरमध्ये एसकेचं मूल इंग्रजीत उत्तर देतं यात काळजीचं काहीही नाही. आधी समजायला लागतं, तोंडातून यायला वेळ लागतो. आम्ही बोलण्याकडे बघत नाही, अंगाकडे बघतो. मादाम 'रांजे' म्हणाल्या की ती खेळणी आवरायला लागते का? 'आसेये-व्हू' ऐकल्यावर इतरांकडे न बघता खाली बसते का? गुरुवारी जाताच आहात तर हे बघून या. बहुतेक मुलांचं पहिलं अख्खं वाक्य 'एस्क ज प्व आले ओ त्वालेत?' हेच असतं, कारण त्याशिवाय बाथरूमला जाता येत नाही. आंघोळीत रंग म्हणते म्हणजे गाडी उत्तम चालू आहे. फक्त परीक्षा घेऊ नका. 'आज्जीला म्हणून दाखव' तर अजिबात नको.

घरी फ्रेंच बोलू नका. उच्चार दिव्य आहेत म्हणून नव्हे, गरजच नाही म्हणून. इमर्शन मुळात फ्रेंच न येणाऱ्या घरांसाठीच निघालं. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट-लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी शाळा मंडळाच्या मागे लागून पहिला किंडरगार्टन वर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांवर पुढे कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. इंग्रजी कच्चं राहील ही भीती खरी ठरली नाही. तुमच्या घरात मराठी आहे, ती भरपूर बोला. पानाला देठ असतो, शिरा असतात, एखाद्याची कड कातरलेली असते, मेपलच्या पानाला पंजासारखी बोटं असतात, हे सगळं तिला मराठीत आधीच दिसलेलं असलं की वर्गातला फ्रेंच शब्द त्यावर पटकन बसतो. ज्या मुलाला घरच्या भाषेतच 'पान' आणि 'झाड' यापलीकडे काही दाखवलेलं नसतं, त्याच्या वेळी मला दुप्पट राबावं लागतं.

आता तुमचं टेबल. बोलायला फार लागत नाही. 'रगार्द' म्हणजे बघ, आणि तुम्ही करून दाखवायचं. 'दूस्मां' म्हणजे हळू, सावकाश. हा शब्द तुम्हाला सर्वांत जास्त लागणार. 'आंकोर' म्हणजे पुन्हा. ठसा उमटला की 'ब्राव्हो'. पान म्हणजे 'फय'. एखादं पोर इंग्रजीत काही बोललं तर हसून मान हलवा आणि क्रेयॉन पुढे करा. मुलांना तुम्हाला फ्रेंच येतं की नाही याची काही पडलेली नसते.

---

रानवाटा:
ठशांचं मी सांगतो, आमच्या मुलीच्या वर्गात हेच टेबल माझ्याकडे होतं.

चुरा झाला म्हणजे पान वाळलेलं होतं. आदल्या दिवशी ताजं गळलेलं, अजून लवचीक असलेलं पान घ्या आणि रात्रभर जाड पुस्तकात दाबून ठेवा. ठशासाठी पान उलटं ठेवायचं, म्हणजे शिरा वर आलेली बाजू वर. त्यावर प्रिंटरचा साधा पातळ कागद. मेणाच्या क्रेयॉनचं कागदी वेष्टन काढून तो आडवा धरायचा आणि आडवाच फिरवायचा. टोकाने घासलं की कागद फाटतो, आणि पाच वर्षांची मुलं टोकानेच घासतात. म्हणून क्रेयॉन घरूनच सोलून आणि अर्धे मोडून न्या, मग ते आपोआप आडवे धरले जातात. पान सरकू नये म्हणून देठाला चिकटपट्टीचा तुकडा लावून टेबलावर चिकटवा. आधी मधली शीर दिसते, मग तिच्या फांद्या, मग कड. तेवढ्यात पाचही डोकी कागदावर येतात आणि कोणाला शब्दांची आठवण राहत नाही.

पानं कुठली? शुगर मेपलची कड गुळगुळीत असते, रेड मेपलची कातरलेली, दोन्हींचे ठसे छान येतात. रस्त्याकडेला नॉर्वे मेपल खूप दिसेल. त्याचा देठ तोडला की पांढरा चीक येतो, ताजं पान वापरणार असाल तर देठ पुसून घ्या. ओकचं पान जाड, ठसा एकदम ठळक. गिंको मिळालं तर ते पंख्यासारखं पान मुलांना फार आवडतं.

एक महत्त्वाचं. पानं आणायला लेकीला घेऊन रॅव्हिनमध्ये (शहरातल्या झाडीच्या घळीत) जाणार असाल तर पॉयझन आयव्हीपासून सांभाळा. तीन-तीन पानांचा झुपका, मधल्या पानाचा देठ लांब, आणि फॉलमध्ये ती सुंदर लाल होते, म्हणजे मुलांचा हात नेमका तिथेच जाणार. अंगावर पुरळ उठून दोन-तीन आठवडे खाज. शेजारच्या फुटपाथवरची पानं बरी.

बाकी मंगळवारचं मॅकिन्टॉश आपल्या ऑंटारियोचंच बरं का. १८११ मध्ये डंडेला इथे जॉन मॅकिन्टॉश नावाच्या शेतकऱ्याला जमीन साफ करताना रोपं सापडली, त्यातल्या एकाचा हा सगळा वंशविस्तार.

---

सडेतोड:
सगळे गोड बोलताहेत म्हणून मी जरा वेगळं बोलतो. किंडरगार्टन मजेचंच असतं. खरी अडचण दुसरी-तिसरीत येते, जेव्हा फ्रेंचमध्ये वाचायचं असतं आणि घरी कोणी चूक दाखवू शकत नाही. आमच्या मोठ्याने सहावीत इमर्शन सोडलं. मूल रोज रडत शाळेत जायला लागलं तर केवळ हौसेसाठी रेटू नका. बाकी आपट्याचं पान जरूर न्यावं. नवऱ्याचं म्हणणं वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, पण वर्ग पाच वर्षांच्या मुलांचा आहे.

---

मिसिसागाची_मावशी:
आमच्याकडे पील मंडळात इमर्शन पहिलीपासून, त्यामुळे किंडरगार्टनचा अनुभव नाही. पण अगं, आपट्याचं पान न्यायलाच हवं! एकच नको, वर्गात जितकी मुलं तितकी काप. दसऱ्याला सोनं वाटायचं असतं, दाखवून घरी परत आणायचं नसतं. खाऊ मात्र पाठवू नकोस, शाळा शेंगदाणे-काजूच्या बाबतीत फार कडक असतात.

---

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. सडेतोड, रडत वगैरे नाही जात, उड्या मारत जाते, पण तुमचं लक्षात ठेवते. मावशी, कापायला बसलेच. @ओटावाची_मास्तरीण, मग शुक्रवारचं वाक्य काय करू? 'दसऱ्याला आम्ही एकमेकांना सोनं देतो' हे फ्रेंचमध्ये तिला कसं झेपणार? आणि गुरुवारसाठी शाळेत आधी काही कागदपत्रं लागतात का?

---

ओटावाची_मास्तरीण:
एवढं लांब नको. 'से त्यून फय दोर.' म्हणजे हे सोन्याचं पान आहे. 'से त्यून' आणि 'फय' हे दोन्ही त्या आठवड्यात ती वर्गात सारखं ऐकणार आहे, नवीन फक्त 'दोर'. तुम्ही मादामला आधी दोन ओळींचा ईमेल करा की आमच्याकडे दसऱ्याला ही पानं वाटतात. बाकीचं त्या स्वतः मुलांना फ्रेंचमध्ये सांगतील. आणि लेकीने वाक्य म्हटलंच नाही, नुसती पानं वाटली, तरी चालतं. मी अशा मुलांबरोबर वाक्य स्वतः म्हणते, ती ओठ हलवतात.

कागदपत्रांचं शाळेच्या ऑफिसात उद्याच विचारा. मुलांमध्ये काम करणाऱ्या पालकांना बरीच मंडळं पोलीस तपासणीचा दाखला मागतात आणि तो हातात यायला वेळ लागू शकतो. नसला तर मादाम किंवा वर्गातल्या ईसीई (मादामच्या जोडीच्या बालशिक्षिका) सतत सोबत असल्या की चालेल का, हेही तिथेच विचारून घ्या. वर्गात फोन पर्समध्ये ठेवा. ठशांचे फोटो काढा, मुलांचे नको.