कृष्णेत मालवाहू बोटी का नकोत? ऊसाच्या ट्रॉल्यांना वैतागून विचारतोय

उगारकडचा
परवा रात्री कुडची रोडला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं. मागं ना लाईट, ना रेडियम, टेपवर गाणी मात्र फुल्ल. ब्रेक दाबला तोवर ऊसाचे शेंडे माझ्या बॉनेटवर टेकलेले. घरी आलो तरी झोप लागेना, म्हणून मोबाईलवर जहाजं बघत बसलो.

अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सवर, म्हणजे तिथल्या अवाढव्य तळ्यांवर, इंटरलेक स्टीमशिप म्हणून १९१३ सालची कंपनी आहे. समुद्र नाही, गोडं पाणी, आणि त्यावर यांचा धंदा. लोखंडाचं खनिज, कोळसा, दगड. त्यांचं पॉल आर. ट्रेगर्था हे जहाज १०१३ फूट लांब आहे, एका खेपेला ६८ हजार टन नेतं. आपल्या दोन ट्रॉल्या मिळून २० टन धरा, म्हणजे ३४०० ट्रॅक्टर झाले! आपल्याकडंही २०१६ च्या कायद्यात १११ राष्ट्रीय जलमार्ग धरलेत, त्यात घटप्रभा आणि मलप्रभाही आहेत. मग कृष्णेत निदान शे-दोनशे टनांच्या बोटी का चालू नयेत? कारखाने नदीकाठाला, ऊस नदीकाठाला. माझं तर ठाम मत आहे, चालवाव्यात.

कणकुंबीची लेक
मलप्रभा आमच्या गावात उगम पावते हो. उन्हाळ्यात खानापुरात पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात. जहाज आणा, पण चाकं लावून आणा.

गोकाक रोड
आणि घटप्रभेतनं आणलं तर आमच्या धबधब्यावरनं १७० फूट खाली उडी मारायची का?

उगारकडचा
यादीतला पट्टा धबधब्याच्या बराच खाली आहे, बागलकोटकडं. चेष्टा सोडून बोला की राव.

जहाजावरचा (आता घरी)
मी इंजिनवर तीस वर्षं काढली, सगळी खाऱ्या पाण्यात. म्हणून चेष्टा न करता सांगतो. गोड्या पाण्याचा एक फायदा खरा आहे: पत्रा लवकर कुजत नाही. समुद्रावर जहाज पंचवीस-तीस वर्षांत भंगारात जातं. याच कंपनीचं ली ए. ट्रेगर्था १९४२ चं, दुसऱ्या महायुद्धात नौदलाचं तेलवाहू होतं. पुढं तळ्यावर आणलं, नंतर वाफेचं इंजिन काढून डिझेल बसवलं. २०२२ ला त्यांनी मार्क डब्ल्यू. बार्कर हे ६३९ फुटी नवं जहाज घेतलं, तर ते १९८३ नंतर अमेरिकेत तळ्यांसाठी बांधलेलं पहिलंच मालवाहू.

पण सगळा खेळ खोलीचा आहे, उगारकर. त्या हजार फुटी जहाजाखाली पाणी एक इंच कमी झालं की जवळपास २७० टन माल कमी भरावा लागतो. तिथं इंचाइंचाचा हिशोब असतो, आणि आपली कृष्णा २०१९ ला घरात शिरली होती. तीच नदी मे महिन्यात मी चप्पल हातात घेऊन ओलांडलीय.

उगारकडचा
मान्य. पण बारा महिने त्यांचं तरी कुठं चालतं? सू इथली लॉकं, म्हणजे एका तळ्यातनं दुसऱ्यात जहाज वर-खाली करायचे दारांचे हौद, १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात, बर्फामुळं. आपला गळीत हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, तेव्हा नदीला पाणी असतंय.

शिरोळचा जावई
पाणी असतंय, कारण तवर बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात! शिरोळ तालुक्यातल्या राजापूरचा बंधारा, खाली कल्लोळ-यडूर, पुढं हिप्परगी. पाणी अडवलं की वाट बंद, वाट उघडली की पाणी गेलं. बोट काय बरग्यावरनं उचलून घेणार?

उगारकडचा
लॉक बांधा. सू इथं सुपीरियर आणि ह्युरॉन तळ्यांत २१ फुटांचा फरक आहे, दोन दारांमधल्या हौदात जहाज घेतात आणि वर-खाली करतात. पंपसुद्धा लागत नाही, वरचं पाणी आपसूक येतं.

शिरोळचा जावई
वरचं पाणी! दर खेपेला तेवढा हौद खाली सुटतो. त्यांच्या डोक्यावर अख्खं सुपीरियर आहे. आपल्याकडं उन्हाळा लागला की कर्नाटकातनं महाराष्ट्राला पत्र जातं, कोयनेतनं पाणी सोडा म्हणून. त्यात बोटीसाठी हौद रिकामा केला तर दोन्ही काठांची माणसं कोयता घेऊन येतील.

टोळीचा मुकादम
पाण्याचं ऱ्हाऊ द्या. खनिज महिनाभर ढिगात पडलं तरी तेवढंच भरतंय. ऊस तोडला की चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. फडातनं नदीच्या घाटावर न्यायला ट्रॅक्टरच लागणार, तिथं उतरवा, बोटीत भरा, परत उतरवा, परत काट्यावर न्या. हमाली कोण देणार? तळ्यावरच्या जहाजाला म्हणं स्वतःचाच लांब पट्टा असतो, माल आपला आपण किनाऱ्यावर टाकतंय. ऊसाच्या मोळ्या तशा टाकता येत नाहीत.

जहाजावरचा (आता घरी)
मुकादमांनी बरोबर धरलं. ढिगानं भरायचा, ढिगानं ओतायचा माल, म्हणून ती कंपनी टिकली. शिवाय १९२० चा जोन्स कायदा. अमेरिकेच्या एका बंदरातनं दुसऱ्यात माल न्यायचा तर जहाज तिथंच बांधलेलं आणि तिथल्याच मालकीचं हवं. बाहेरची स्पर्धाच नाही.

गोकाक रोड
असा कायदा इथं झाला तर महाराष्ट्रातल्या कुरुंदवाडहून सुटलेलं जहाज कर्नाटकातल्या जुगूळला आल्यावर कुठलं धरायचं? आणि नावाची पाटी? साठ टक्के कन्नड लिहा म्हणून मधेच थांबवतील.

कणकुंबीची लेक
😂 आधी एस्टी तरी बंद न पडता सीमा ओलांडू दे.

उगारकडचा
हसा. ऊस सोडला तरी साखरेची पोती आहेत, ती नासत नाहीत.

शिरोळचा जावई
पोत्यांना मिरज-लोंढा रेल्वे तुमच्या दारातनं जातेय की.

उगारकडचा
ते मात्र खरं. पण बरग्यांचं मला अजून पटत नाही, एवढ्या लवकर घालतात का? उद्या राजापूरला जाऊन बघतो, फोटो टाकतो.