'डोस' की 'मात्रा'? आणि तो देतात की पडतो?

(चार जिल्ह्यांतल्या मंडळींचा संवाद, बोलणाऱ्याच्या जागी जिल्ह्याचं नाव.)

यवतमाळ: कॅथलॅबच्या (क्ष-किरणांखाली पाहत हृदयाच्या शिरा मोकळ्या करतात ती खोली) डिस्चार्ज कार्डावर मराठीत 'किरणोत्सर्गाची मात्रा : ३२०० मिलिग्रे' असं छापायचं आहे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप, १००० मिलिग्रे म्हणजे १ ग्रे). 'मात्रा' चालेल ना? 'डोस' म्हटलं की आपल्याकडचा माणूस पोलिओ नाहीतर कपाशीवरची फवारणी समजतो.

वर्धा: मात्रा नको भाऊ. मात्रा वैद्य मोजून देतो, ती लागू पडावी म्हणून. इथे डोस कुणी ठरवून देत नाही. शीर मोकळी करताना क्ष-किरण अंगावर पडतात आणि हिशोब नंतर होतो. म्हणून 'डोस दिला' नव्हे, 'डोस पडला'. 'किरणोत्सर्ग'ही काढा, तो शब्द किरणोत्सारी पदार्थांचा. क्ष-किरणांची ट्यूब बंद झाली की अंगात काही उरत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे : हे ३२०० कुठले? पडद्यावरचा आकडा त्वचेचा नसतो. सी-आर्म, म्हणजे ट्यूब धरणारा इंग्रजी सी-च्या आकाराचा हात, ज्या बिंदूभोवती फिरतो, तिथून ट्यूबकडे १५ सेंटिमीटरवर हवेत जेवढा डोस पडला असता, तेवढा तो. त्या जागेला संदर्भबिंदू म्हणतात. टेबल खाली घेतलं तर पाठ ट्यूबच्या जवळ येते आणि खरा डोस वाढतो. कोन बदलत राहिला तर तो वेगवेगळ्या जागी वाटला जातो.

चंद्रपूर: पडद्यावर शेजारीच असलेला 'मायक्रोग्रे-मीटर वर्ग' हा आकडा चुकून उतरवू नका. तो डोस गुणिले क्षेत्रफळ. असे १०० म्हणजे १ ग्रे-सेंटिमीटर वर्ग. कॉलिमेटर, म्हणजे किरणांचा झोत अरुंद करणारी झडप, आवळला की हा आकडा उतरतो, पण उघड्या उरलेल्या त्वचेवरचा डोस त्याने उतरत नाही. फ्लुरोची (नुसतं थेट चित्र पाहण्याची) मिनिटं तर डोसच नव्हेत, त्यांत सिनेचे (चित्रफीत साठवण्याचे) शॉट धरलेलेच नसतात.

यवतमाळ: मग छापू काय?

वर्धा: 'संदर्भबिंदूवर पडलेला क्ष-किरण डोस : ३.२ ग्रे'. आकडा ५ ग्रे गाठला की त्वचेचा पाठपुरावा ठरवूनच करतात, पण कार्डाच्या खाली त्वचेकडे लक्ष ठेवायची सूचना त्याआधीही असू द्या.

गडचिरोली: सूचनेत 'भाजणे' टाळा. भाजलं म्हटलं की माणूस त्याच दिवशी पाहतो, काही दिसत नाही आणि विसरतो. 'चट्टा' लिहा : 'दोन ते चार आठवड्यांनी पाठ घरच्यांना पाहायला सांगा. लाल चट्टा, आग किंवा खाज असेल तर गजकर्णाचं मलम लावू नका, हे कार्ड घेऊन या. कुणी तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढतो म्हणाले तर आधी हे कार्ड दाखवा.' अशा त्वचेचा तुकडा काढल्याची जखम लवकर भरत नाही, म्हणून शेवटची ओळ ठळक छापा.