इंजिनवरचं किटण घरी धुवावं का?

नमस्कार मंडळी,

आमची गाडी आता बरीच जुनी झाली. बॉनेट उघडलं की सगळीकडे तेलकट किटण, त्यावर धुळीचा थर आणि वायपरखालच्या खाचेत कुजलेली पानं. गाडी विकायला काढायची आहे, म्हणून आतून जरा स्वच्छ दिसावी असं वाटतं. बागेच्या नळीने धुतलं तर चालेल का? घरात दोन पक्ष पडलेत. एकाचं म्हणणं, पाणी मारलं की इंजिन बसलंच. दुसरा म्हणतो, गॅरेजवाले सर्रास मारतात. कुणाला माहिती असेल तर सांगा.

– अ. जो.

*

ताई,

दोन्ही पक्ष अर्धे बरोबर. पाणी लागलं म्हणून इंजिन बसत नाही, ते कुठे घुसतं त्यावर सगळं आहे. पण नळी हातात घेण्याआधी ते किटण नीट बघा. सगळीकडे सारखी कोरडी धूळ असेल तर ती नुसती धूळ. काळा, ओलसर ओघळ वरून खाली आला असेल, तर त्याच्या वरच्या टोकाला गळती आहे. जुन्या गाडीत बहुधा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) गळत असतं. कूलंट गळत असेल तर पाइपच्या क्लॅम्पपाशी पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी दिसेल. फोटो काढून ठेवा. एकदा धुतलं की पुरावा गेला, आणि गळतीचं तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं. (विकत घेणाऱ्याला फार चकचकीत इंजिन दिसलं की तो आधी संशयच घेतो, हेही आहे.)

धुवायचंच तर इंजिन गार हवं. हात ठेवता आला पाहिजे. तापलेल्या धातूवर डिग्रीझर (तेलकट किटण सोडवणारं द्रव) लगेच सुकतं, त्याचे डाग पडतात, वाफ नाकात जाते ती वेगळीच. पानं आधी हाताने काढा. ती पाण्याबरोबर खाचेच्या निचऱ्यात गेली की तो तुंबतो आणि पुढे पाणी गाडीच्या आत येतं. उंदरांनी घरटं केलं असेल तर वायरी कुरतडल्यात का बघा. कुरतडलेल्या वायरीवर पाणी नकोच.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूजबॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका, टेप लावा. पाण्यात मिसळणारं सौम्य डिग्रीझर घ्या. फार तीव्र घेतलं तर अॅल्युमिनियम काळवंडतं. खालून वर फवारा, काही मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा, पण सुकू देऊ नका. खाचाकोपऱ्यांत जुना टूथब्रश चांगला चालतो. रॉकेल किंवा पेट्रोल वापरा असं कुणी सांगेल. ऐकू नका. दोन्ही पेट घेतात आणि रबर फुगवतात.

माझं स्पष्ट मत, नळी लागतच नाही. ओल्या फडक्याने पुसून घेतलं तरी बहुतेक किटण निघतं.

– म. दे.

*

दादा, मला नाही पटत. मी वर्षानुवर्षं प्रेशर वॉशरच मारतो, आजवर काही झालेलं नाही. फडक्याने पुसत बसायला वेळ कुणाला आहे?

– व. सा.

*

व. सा.,

झालं नसेल, मान्य. पण घरगुती प्रेशर वॉशरचा दाब १०० बारच्या वर असतो, बागेच्या नळीचा ३-४ बार. कनेक्टरची (वायरींच्या जोडांची) रबरी सील पावसाच्या शिंतोड्यांसाठी असतात, जवळून मारलेल्या झोतासाठी नाहीत. पाणी आत गेलं तरी त्या दिवशी काही कळत नाही. पिना हळूहळू गंजतात आणि कधीतरी चेक इंजिनचा दिवा लागतो. तोवर धुतल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. स्पार्क प्लग ज्या खोबणीत बसतो तिथे पाणी साचलं तर मात्र लगेच कळतं, इंजिन अडखळायला लागतं. नळी वापरायचीच तर पाणी हलकं आणि लांबून सोडा.

– म. दे.

*

दोन प्रश्न. आमची हायब्रिड आहे, तिलाही हेच लागू का? आणि धुतलेलं पाणी पार्किंगमधल्या जाळीत सोडलं तर?

– सु.

*

सु.,

हायब्रिडमध्ये नारिंगी आवरणाच्या जाड तारा दिसतील. त्या शेकडो व्होल्टच्या असतात. तिथे पाणीही नको आणि हातही नको. कोरड्या फडक्याने प्लास्टिकची झाकणं पुसा आणि बॉनेट बंद करा.

जाळीत अजिबात सोडू नका. ती बहुधा पावसाच्या पाण्याची असते, पाणी शुद्ध न होता थेट ओढ्या-नदीत जातं. अनेक ठिकाणी तो गुन्हाही आहे. खाली पुठ्ठे आणि जुनी फडकी पसरा, नाहीतर जिथे तेल वेगळं करायची सोय आहे अशा धुण्याच्या केंद्रावर गाडी न्या. तिथे इंजिन धुवायला परवानगी आहे का हे मात्र आधी विचारा.

आणखी एक राहिलं. धुऊन झालं की ब्लोअरने पाणी उडवा आणि बॉनेट उघडं ठेवून वाळू द्या. कनेक्टर कोरडे झालेत याची खात्री करून बॅटरी जोडा, पिशव्या सगळ्या काढा आणि मगच इंजिन सुरू करा. दहा-पंधरा मिनिटं आयडलवर चालू द्या. चमक आणायचा स्प्रे इंजिनच्या रबरी पट्ट्यावर उडू देऊ नका, पट्टा घसरतो.

– म. दे.

*

दादा, तुम्ही सांगितलंत तसं आधी नुसतं टॉर्च घेऊन बघितलं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळ आहे, बोटाला तेल लागलं. आधी गॅस्केट बदलून घेऊ का मग धुऊ?

– अ. जो.

*

ताई, आधी त्या कव्हरच्या भोवतालचं पुसून घ्या, नाहीतर उघडताना किटण आत पडेल. मग गॅस्केट, बाकीची धुलाई शेवटी. आणि कव्हर निघेल तेव्हा प्लगच्या खोबणीत तेल आहे का तेवढं बघायला सांगा. असेल तर तिथली गोल सीलंही त्याच वेळी बदलून घ्या.

– म. दे.